कच्चं रेकॉर्डिंग

गेल्या पावसाळ्यात एका रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर हे ऐक ते ऐक चाललं होतं आणि त्यात जॅझमधला अमेरिकन सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन याचं १९४६ सालचं एक रेकॉर्डिंग हाती लागलं. हवाई बेटांवर, १३ जुलैला, अमेरिकन नेव्हीतल्या काही पोरांनी हौस म्हणून आपापसात केलेलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. त्यातला आल्टो, म्हणजे लहान, चढ्या आवाजाचा सॅक्सोफोन वाजवणारा पोरगा म्हणजे कोल्ट्रेन, एकोणीस वर्षांचा आहे, त्या काळचा आल्टोचा बादशहा चार्ली पार्कर याची नक्कल करतोय, आणि ती त्याला जमत नाहीये. बोटं पुढे पळतात, फुंक मागे राहते, मध्येच एखादी जागा घ्यायला जातो आणि ती अर्धीच सुटते. मी अंधारात एकटाच हसलो. कुचेष्टेनं नाही हो, चक्क आनंदानं.

त्याचं कारण सांगतो. मी बेचाळिसाव्या वर्षी बासरी शिकायला लागलो, त्याला आता तीन वर्षं झाली. माझा कोमल गंधार अजून कुठे लागेल ते त्यालाच माहीत. आणि आपल्याकडे संगीतातल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकल्या की माझ्यासारख्याचं अवसानच गळतं, कारण त्या सगळ्या पाळण्यातच पाय दिसलेल्यांच्या असतात. कुमार गंधर्व दहा-अकरा वर्षांचे असताना मैफली मारत होते, मोठमोठे गवई तोंडात बोट घालून ऐकत होते. खोटं काहीच नाही त्यात, पण ऐकणाऱ्याने करायचं काय? कुमारजी १९२४चे, कोल्ट्रेन १९२६चा, म्हणजे दोन वर्षांनी धाकटा. अकराव्या वर्षी कोल्ट्रेनच्या हातात कुठलंच वाद्य नव्हतं. आणि तिशी गाठेपर्यंत जॅझच्या जगातही त्याला फार कोणी ओळखत नव्हतं. विशीतल्या बहुतेक वर्षांत तो कुठल्या ना कुठल्या बँडमध्ये मागच्या ओळीत बसणारा एक साधा, कमी बोलणारा, दातदुखीनं हैराण झालेला माणूस होता. मला त्या वर्षांबद्दलच लिहायचंय. पुढचं त्याचं मोठेपण सगळ्यांना माहीत आहे.

जन्म २३ सप्टेंबर १९२६, नॉर्थ कॅरोलायनातलं हॅम्लेट नावाचं रेल्वे जंक्शनचं गाव. काही महिन्यांचा असतानाच घर हाय पॉइंटला हललं. हे फर्निचरच्या आणि मोजे विणायच्या कारखान्यांचं गाव, आणि दक्षिणेतलं असल्यामुळे काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, सगळंच वेगळं. आजोबा, म्हणजे आईचे वडील, रेव्हरंड ब्लेअर, हे तिथल्या काळ्या चर्चमधलं मोठं प्रस्थ. वडील शिंपी, त्यांचं कपडे शिवायचं-इस्त्री करायचं दुकान, आणि घरी आल्यावर स्वतःपुरतं व्हायोलिन आणि युकुलेले वाजवायचे. आई कॉलेजात शिकलेली, पियानो येणारी, चर्चमध्ये गाणारी. मावशी, काका आणि मावसबहीण मेरी सगळे एकाच घरात. म्हणजे आपल्याकडच्या वाड्यात असतं तसं भरलेलं, आजोबांच्या धाकातलं पण खाऊनपिऊन सुखी घर. पुढे 'कझिन मेरी' नावाची त्याची एक रचना आहे, ती याच मेरीच्या नावानं.

आणि मग बारा वर्षांचा असताना सगळं कोसळलं. डिसेंबर १९३८ मध्ये आजोबा गेले. तीन आठवडे होतात न होतात तोच, २ जानेवारी १९३९ला, वडील गेले, पोटाच्या कॅन्सरनं. त्याच वसंतात आजी गेली. पुढच्या वर्षी काका. घरातली कमावती पुरुषमाणसं संपली. आई आणि मावशी गोऱ्यांच्या कंट्री क्लबमध्ये कामाला जायला लागल्या, घरात भाडेकरू ठेवले, खोल्या त्यांना दिल्या आणि घरची माणसं जागा मिळेल तिथे झोपायला लागली. शाळेतले मार्क घसरले.

याच वर्षी, १९३९च्या शेवटाशेवटाला, चर्चचे एक पाद्री, रेव्हरंड स्टील, यांनी वस्तीतल्या पोरांचा बँड काढला. जॉनच्या वाट्याला आधी आल्टो हॉर्न आलं, पितळेचं, बँडमध्ये मागून भरणा करणारं वाद्य. मग क्लॅरिनेट. मग सॅक्सोफोन, तोही स्वतःचा नव्हता, गावातल्या एका हॉटेलवाल्याकडून मागून आणलेला. चरित्रकार मंडळी इथे एक तर्क करतात की घरातले मृत्यू आणि त्यानंतरचा त्याचा वाद्याचा वेडा नाद यांचा थेट संबंध आहे, दुःख त्या पोरानं सॅक्समध्ये ओतलं वगैरे. असेलही. मला हा तर्क पूर्ण पटत नाही, कारण दुःख त्या वस्तीत घरोघरी होतं आणि बँडही सगळ्यांसाठीच उघडा होता. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट दिसते, की ज्या घरात रात्री कोण कुठे झोपणार तेही ठरलेलं नाही त्या घरातल्या मुलाला रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुर्चीवर बसायला मिळत होतं, आणि समोर कुणीतरी शिकवणारं होतं. ती सवय त्याला लागली ती जन्मभर सुटली नाही. पुढे जिथे गेला तिथे तो आधी शिकवणारं कोण आहे ते शोधत गेला असं मला तरी वाटतं.

१९४३च्या जूनमध्ये शाळा संपली आणि दोन मित्रांबरोबर आगगाडीत बसून तो फिलाडेल्फियाला आला. आई आधीच कामासाठी उत्तरेकडे गेली होती. त्या काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं अशीच उत्तरेच्या शहरांत जात होती, युद्धामुळे कारखान्यांत काम होतं. त्याला साखर कारखान्यात नोकरी लागली. आणि सतराव्या वाढदिवसाच्या सुमाराला आईनं त्याला एक सेकंडहँड आल्टो घेऊन दिला. इतरांच्या घरी राबणारी बाई, तिनं हे पैसे कसे बाजूला काढले असतील त्याचा हिशोब मला लागत नाही. तो लगेच संगीत शाळेत दाखल झाला. त्याच्याबरोबर शहरात आलेले लोक सांगायचे की तो कामावरून आला की वाजवत बसायचा आणि थांबायचाच नाही.

मग ५ जून १९४५ची ती संध्याकाळ. फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये डिझी गिलेस्पी या ट्रंपेटवाल्याचा कार्यक्रम, साथीला चार्ली पार्कर. वरच्या गॅलरीत स्वस्तातल्या जागेवर अठरा वर्षांचा कोल्ट्रेन आणि सोळा वर्षांचा बेनी गोल्सन, जो पुढे स्वतः मोठा सॅक्सवाला झाला. कोल्ट्रेननं नंतर लिहिलंय की पार्करचं वाजवणं दोन डोळ्यांच्या मधोमध येऊन आदळलं. कार्यक्रम संपल्यावर ही दोघं पार्करच्या मागे लागली, तो त्याच रात्री दुसऱ्या एका क्लबमध्ये वाजवणार होता आणि चालत निघाला होता. गोल्सन हा किस्सा पुढे रंगवून सांगायचा: कोल्ट्रेननं पार्करच्या सॅक्सची पेटी उचलून घेतली आणि रस्ताभर दोघांचे प्रश्न चालू, कुठला हॉर्न (सॅक्सलाच ते हॉर्न म्हणतात), कुठली रीड, कुठला माउथपीस. क्लबच्या दारात पार्कर आत गेला. या दोघांना वय नाही म्हणून आत सोडेनात, मग बाहेर रस्त्यावरच उभे राहून रात्रभर ऐकलं आणि पहाटे पायी घरी आले. आपल्याकडे नाही का, सवाई गंधर्वला तिकीट नसलेली मंडळी कुंपणाबाहेर सतरंजी टाकून बसायची, तसंच.

दोन महिन्यांनी तो नेव्हीत भरती झाला. तारीख बघा, ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमावर बॉम्ब पडला तो दिवस. (आणि बरोब्बर वीस वर्षांनी, ६ ऑगस्ट १९६५ला, त्याला मुलगा झाला, त्याचं नाव त्यानं रवि ठेवलं, आपल्या पंडित रविशंकरांवरून. तो रवि कोल्ट्रेनही सॅक्सच वाजवतो. असो, हे विषयांतर.) हवाईत काळ्या सैनिकांचा वेगळा बँड होता, 'मेलडी मास्टर्स', त्यात तो वाजवायचा. माझ्या हाती लागलेलं रेकॉर्डिंग मात्र त्यानं गोऱ्या नेव्हीवाल्यांबरोबर गुपचूप केलं होतं, कारण काळ्या-गोऱ्यांनी एकत्र वाजवणं तिथे रीतसर चालत नव्हतं. म्हणजे ज्या कच्च्या वाजवण्यावर मी हसलो ते वाजवायलासुद्धा नियम मोडावा लागला होता. हे वाचलं तेव्हा हसू जरा ओशाळलंच.

नेव्हीतून सुटून आल्यावर एक फायदा झाला, माजी सैनिकांना सरकार शिक्षणाचा खर्च द्यायचं. त्या पैशावर तो ग्रॅनॉफ स्टुडिओज या संगीत शाळेत शिकला, तिथे सॅक्सला एक गुरू आणि संगीतशास्त्राला डेनिस सँडोल. हा सँडोल गिटारवाला, पण त्यानं याला नेहमीच्या स्वरपट्ट्यांपलीकडचं, जगभरातल्या सुरावटींचं एक वेगळंच दालन उघडून दिलं. कोल्ट्रेन पुढे निकोलस स्लोनिम्स्कीचं एक जाडजूड पुस्तक घेऊन बसायचा, त्यात गोष्ट वगैरे काही नाही, पानंच्या पानं नुसत्या स्वरांच्या रचना. आपल्या भाषेत सांगायचं तर पलटे. तीन स्वर घ्या, ते किती तऱ्हांनी फिरवता येतात बघा, मग चार घ्या. आपल्या मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यात मेरुखंड म्हणतात ते याच वळणाचं काम आहे. अर्थात इतिहासात दोघांचा काही संबंध नाही, पण १९५९चं त्याचं 'जायंट स्टेप्स' ऐकताना मला दर वेळी कुणीतरी अतिद्रुत लयीत मेरुखंडाचा हिशोब मांडतंय असंच वाटतं.

याशिवाय पियानोच्या धड्यांची पुस्तकं, व्हायोलिनची, हार्पची, जी सॅक्ससाठी लिहिलेलीच नाहीत ती सगळी तो सॅक्सवर काढायचा. हार्पवर एका झटक्यात पन्नास स्वर सांडतात, तोंडाने फुंकायच्या वाद्यात एका वेळी एकच निघतो. मग ते पन्नास जितक्या लवकर एकामागोमाग काढता येतील तितके काढायचे. १९५८ मध्ये आयरा गिट्लर या समीक्षकानं त्याच्या वाजवण्याला 'शीट्स ऑफ साऊंड' असा शब्द वापरला, म्हणजे सुरांचे तावच्या ताव पसरल्यासारखं. लोकांना वाटलं ही काहीतरी नवीन फॅशन आहे, पण तिच्या मागे ही असली कारकुनी होती.

शेजाऱ्यांचा त्रास त्यालाही चुकला नाही. रात्री उशिरा आवाज करता येत नाही म्हणून तो सॅक्स तोंडाला लावून, न फुंकता, नुसती बोटं चालवत बसायचा. तासन्तास. बायको नायमा सांगायची की तो सॅक्स घेऊनच झोपी गेलेला सापडायचा. हे वाचल्यापासून मीही रात्री दहानंतर बासरीवर नुसती बोटं फिरवतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा जिन्यात विचारलं, "हल्ली वाजवत नाही वाटतं तुम्ही?" म्हटलं, वाजवतो की काकू, रोज. त्यांना वाटलं मी थट्टाच करतोय.

बरं, आता वाजवायला काम काय मिळत होतं? जे मिळेल ते. १९४८च्या सुमाराला एडी 'क्लीनहेड' विन्सन नावाच्या गायक-वादकाकडे जागा होती, पण विन्सन स्वतः आल्टो वाजवायचा, त्याला टेनरवाला हवा होता. टेनर म्हणजे आकारानं मोठा, खर्जाकडे झुकणारा, माणसाच्या आवाजाला जवळचा. म्हणून कोल्ट्रेननं टेनर हातात घेतला. आज जगात टेनर सॅक्स म्हटलं की ज्या दोन-चार माणसांची नावं निघतात त्यातलं एक याचं, आणि तो टेनरकडे वळला ते केवळ मालकाला आल्टोवाला नको होता म्हणून! पण या अपघाताचा एक फायदा त्याला स्वतःलाच नंतर कळला. आल्टोवर पार्करची सावली इतकी गडद होती की त्यातून सुटका नव्हती. टेनरवर असा एकच एक देव नव्हता. लेस्टर यंग होता, कोलमन हॉकिन्स होता, डेक्स्टर गॉर्डन होता, बेन वेब्स्टर होता, प्रत्येकाकडून थोडं थोडं उचलायला मोकळीक होती.

१९४९ ते ५१ तो डिझी गिलेस्पीकडे होता, आणि नाव मोठं असलं तरी बहुतेक काळ मागच्या ओळीत. त्यानंतरची दोन-तीन वर्षं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात. फिलाडेल्फियातल्या बारमध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज चालायचं आणि तिथे सॅक्सवाल्यानं बारच्या काउंटरवर चढून, ग्लासांच्या मधून चालत, कंबर हलवत, किंचाळ्या काढत वाजवायचं अशी पद्धत होती. गिऱ्हाईक खूष, मालक खूष. लाजाळू, चर्चमध्ये वाढलेला, रात्ररात्र पलटे घोटणारा हा माणूस पोटासाठी काउंटरवर चढायचा. गोल्सन सांगायचा, एकदा तो अशा बारमध्ये शिरला तर समोर काउंटरवर कोल्ट्रेन, दोघांची नजरानजर झाली आणि कोल्ट्रेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला बघा, वरातीत नागीण वाजवताना गुडघ्यावर बसतो, त्यातला एखादा घरी जाऊन यमन घोळवत असेल की नाही कुणास ठाऊक, पण मी आता वरातीत त्याच्याकडे नीट बघतो.

याच काळात हेरॉइन आलं. त्या पिढीच्या जॅझवाल्यांत ही साथच होती, पार्कर घेतो म्हणून घ्यायचं इथपर्यंत. दातांची अवस्था वाईट, गोड खायची भारी आवड, माउथपीस दातात धरला की कळा. ते दुखणं दाबायला दारू. १९५४ मध्ये त्याला जॉनी हॉजेसकडे काम मिळालं, लहानपणी ज्याच्या रेकॉर्ड ऐकून तो सॅक्सच्या नादाला लागला तो हॉजेस. आणि व्यसनापायी ते काम गेलं. याहून लाजिरवाणं काय असेल.

१९५५च्या सप्टेंबरात माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवाल्याला तातडीनं टेनरवाला हवा होता. त्याची पहिली पसंती सनी रोलिन्स, पण तो मिळेना. मग ड्रमवाला फिली जो जोन्स यानं आपल्या गावच्या पोराचं नाव सुचवलं. म्हणजे ज्या नोकरीनं नाव झालं तीही दुसऱ्याच्या गैरहजेरीतली. सुरुवात बाल्टिमोरमध्ये झाली आणि त्याच आठवड्यात, ३ ऑक्टोबरला, त्याच गावात त्यानं नायमाशी लग्न उरकून घेतलं. माइल्सनं लिहून ठेवलंय की कोल्ट्रेन सारखे प्रश्न विचारायचा, हे असं वाजवू का, इथे काय करू, आणि माइल्सला प्रश्नांची चीड. त्याचं म्हणणं, धंदेवाईक वादक आहेस ना, मग तुझं तू शोध. लांबलचक सोलो वाजवायचा त्यावरून एक किस्सा सांगतात, कोल्ट्रेन म्हणाला थांबायचं कसं तेच मला कळत नाही, तर माइल्स म्हणाला तोंडातून हॉर्न काढून बघ. दोघं एकाच वर्षी जन्मलेले बरं का. पण एक मालक आणि एक अजून विद्यार्थीच. समीक्षकांतल्या काहींना तर हा बँडमधला कच्चा दुवा वाटत होता.

एप्रिल १९५७ मध्ये माइल्सनं त्याला काढून टाकलं. स्टेजवर पेंगणारा, मळक्या कपड्यांतला माणूस कोण ठेवून घेईल. तो फिलाडेल्फियाला आईच्या घरी परत आला. माजी सैनिक म्हणून मिळालेल्या कर्जावर १९५२ मध्ये त्यानंच घेतलेलं हे घर होतं. आला आणि खोलीत कोंडून घेतलं. औषध नाही, दवाखाना नाही, पाण्यावर राहिला, बाहेर नायमा आणि आई. काही दिवसांनी हेरॉइन सुटलेलं होतं, पुन्हा कधी न घेण्यासाठी. त्या खोलीत काय झालं याबद्दल तो फार बोलला नाही, इतकंच लिहिलं की १९५७ साली ईश्वरकृपेनं मला जाग आली. ३१ मेला त्यानं स्वतःच्या नावानं पहिला अल्बम रेकॉर्ड केला. वय तीस.

आणि मग थेलोनियस मंक. पियानोवाला, विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध, त्याच्या चाली इतक्या तिरक्या की भलेभले गडबडायचे. कोल्ट्रेन न्यूयॉर्कमध्ये सकाळी त्याच्या घरी जायचा, मंकला अंथरुणातून उठवायचा, मंक पियानोवर बसून एखादी रचना वाजवायला लागायचा आणि हा त्याच्याकडे बघत सॅक्सवर ती शोधायचा. कागद दाखवायचा नाही शक्यतो, कानानेच घ्यायची. अडलं की मंक थांबणार, पुन्हा वाजवणार, पुन्हा. अख्खा दिवस एकाच रचनेवर जायचा कधीकधी. अगदी गुरूसमोर बसून तालीम घेतल्यासारखं, फक्त गुरू पायजम्यात असणार आणि त्याची झोप मोडलेली. माइल्सला ज्या प्रश्नांचा राग यायचा त्याच प्रश्नांना इथे उत्तरं मिळत होती.

जुलैपासून वर्ष संपेपर्यंत मंकचा हा चौघांचा ताफा फाइव्ह स्पॉट नावाच्या छोट्याशा, धुरानं भरलेल्या जागेत वाजवत होता, बावरी भागात, जिथे तेव्हा दारुडे फुटपाथवर पडलेले असायचे. चित्रकार, कवी, वादक सगळं न्यूयॉर्क तिथे लोटलं. कोल्ट्रेन म्हणायचा, मंकबरोबर वाजवताना जरा लक्ष हललं की लिफ्टचं दार उघडून आत पाऊल टाकावं आणि लिफ्टच नसावी तसं होतं. आणि मंकची एक खोड होती. कोल्ट्रेनचा सोलो सुरू झाला की थोडा वेळ साथ करायचा आणि मग सरळ पियानोवरून उठायचा, बारपाशी जाऊन ग्लास घ्यायचा, नाहीतर तिथेच टोपी घालून स्वतःभोवती गोल गोल नाचत बसायचा. पंधरा पंधरा, वीस वीस मिनिटं. पियानोचा आधार नाही, मागे फक्त बास आणि ड्रम, समोर खच्चून भरलेली खोली, आणि मधे तो तीस वर्षांचा विद्यार्थी, दातात माउथपीस धरून, डोळे मिटून वाजवतोय.